सात नंबरची बरणी

महादेवरावांबद्दल लिहायचं, तर सुरुवात माझ्या कंटाळ्यापासून करावी लागेल.

मी अंबुजा. म्हैसूरच्या एका खासगी कॉलेजात सव्वीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवते आहे आणि त्यातली गेली अकरा वर्षं विभागप्रमुख आहे. विभागप्रमुख म्हणजे जिच्या टेबलावर जगातले सगळे फॉर्म येऊन पडतात ती बाई. हजेरीचे तक्ते, मूल्यमापनाचे तक्ते, तक्ते भरल्याचे तक्ते. या विषयात आपण प्राणी आवडतात म्हणून आलो होतो, हे मला आता कुणी आठवण करून दिली तरच आठवतं. आणि आठवण करून देणारं विभागात एकच माणूस होतं, तेही मला उगाच डोक्याला ताप वाटायचं.

महादेवराव आमचे अटेंडर. चौतीस वर्षं एकाच विभागात, एकाच लांबलचक खोलीत, जिला आम्ही म्यूझियम म्हणतो. तिथे तीनशेवर काचेच्या बरण्या आहेत. बेडूक, साप, खेकडे, तारामासे, पोटातले जंत. या सगळ्या मेलेल्या जिवांचं पाणी बघायचं, म्हणजे बरणीतलं फॉर्मालिन आटलं की भरायचं, झाकणाला व्हॅसलीन लावायचं, धूळ पुसायची, हे त्यांचं काम. फॉर्मालिननं डोळे चुरचुरतात, बोटांची कातडी चामड्यासारखी होते. त्यांची झालीच होती. पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते म्हणून सांगत. राहायचे नजरबादला, चालत यायचे, चालत जायचे. आमच्या दोघांच्याही घरी मराठी, म्हणून कॉलेजातल्या कन्नडच्या गजबजाटात आम्ही आपसात मराठी बोलायचो. मराठी म्हणजे म्हैसूरची मराठी. पुण्याची माझी मावसबहीण ती ऐकून हसते.

त्या तीनशे बरण्यांत एक बरणी अशी होती, जिच्यात महादेवराव फॉर्मालिन घालायचे नाहीत. करंगळीएवढा, पिवळट, वाकडा झालेला एक जीव तिच्यात होता. त्याला फक्त स्पिरिट. मी विभागप्रमुख झाले त्या वर्षी विचारलं, की स्पिरिट मागवताना मला दहा सह्या कराव्या लागतात, मग ही एकटी बरणी एवढी लाडाची का?

"पद्मनाभ सर सांगितले होते, मॅडम. ह्याला फॉर्मालिन दाखवायचं पण नाही म्हणून."

पद्मनाभ सर आमच्याच विभागातले, माझ्या आधीचे प्राध्यापक. तरुणपणी महिनाभर एका सर्वेक्षणाच्या जहाजावर गेले होते आणि येताना खोल समुद्रातल्या गाळातला हा जीव घेऊन आले होते. मी नोकरीला लागायच्या वर्षभर आधी ते वारले. बरणीवरची चिठ्ठी त्यांनी शाईच्या पेनानं लिहिली होती. स्पिरिट सांडून सांडून अक्षरं पार धुवून गेली होती. नुसता निळा डाग उरला होता.

बरणी होती गोगलगायी आणि शिंपल्यांच्या फळीवर. मी एकदा उभ्या उभ्या बघितली. लांबट, मऊ, शंख नाही, शिंपला नाही, सरळ सरळ किडा. सायपनक्युलस म्हणून एक समुद्रातला किडा असतो, तो साधारण असाच दिसतो, आणि तो आमच्या अभ्यासक्रमातही आहे. मी बरणी उचलून किड्यांच्या फळीवर ठेवली, नवी चिठ्ठी डकवली आणि पुढच्या फॉर्मकडे वळले. अर्धं मिनिट लागलं असेल.

दुसऱ्या आठवड्यात बरणी परत गोगलगायींत.

"महादेवराव, ही इथे कशी?"

"मॅडम, तो हुळा नव्हे हो, किडा नव्हे. दिसतो हुळ्यासारखा. जात गोगलगायीची. शंख नाही, एवढंच. सर सांगितले होते."

"सरांनी नाव काय सांगितलं होतं?"

नाव त्यांना आठवेना. मोठं होतं म्हणाले, इंग्रजी होतं. मी बरणी परत हलवली. त्यांनी परत आणली. असं चार-पाचदा झालं. शेवटी एकदा, समोर तिसऱ्या वर्षाची सगळी मुलं उभी असताना, माझा तोल गेला. "महादेवराव, तुम्ही धूळ पुसा. वर्गीकरण मी करते," मी म्हणाले. मुलं हसली. महादेवराव हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "आयतु मॅडम," म्हणजे बरं, एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून बरणी किड्यांतच राहिली. स्पिरिट मात्र त्यांनी सोडलं नाही, आणि मीही तेवढ्यासाठी भांडायचं सोडून दिलं.

प्रॅक्टिकल परीक्षेत आमच्याकडे स्पॉटर असतात. टेबलांवर दहा नमुने नंबर घालून मांडायचे. प्रत्येकापुढे दोन मिनिटं. घंटा झाली की विद्यार्थ्यानं पुढच्या टेबलाशी सरकायचं. नाव, संघ आणि एक लक्षण लिहायचं, दोन मार्क. घंटा वाजवणार महादेवराव. उत्तरांची यादी माझी, आणि ती मी अकरा वर्षांत बदललेली नाही, कारण बदलायला वेळ लागतो. त्या यादीत ही बरणी सात नंबरला. सात म्हणजे सायपनक्युलस. बाहेरून येणारे परीक्षक यादी घेतात, पेपर घेतात आणि जेवायच्या आत तपासून मोकळे होतात. बरणीकडे कुणी बघत नाही.

यंदाच्या परीक्षेत सात नंबरला एका मुलीनं वेगळंच लिहिलं. पावनी तिचं नाव. टी. नरसीपूरहून रोज बसनं येणारी, बस लवकर पोचते म्हणून वर्ग सुरू होईपर्यंत म्यूझियममध्ये बसून वाचणारी. तिनं लिहिलं होतं: मृदुकाय संघ, गोगलगायीच्या वर्गातला, कवच नसलेला, खोल समुद्रात राहणारा, नाव माहीत नाही.

बाहेरच्या परीक्षकांना गंमत वाटली. त्यांनी तिला बोलावून कुठल्या पुस्तकात वाचलंस म्हणून विचारलं. मुलगी सरळ. म्हणाली, पुस्तकात नाही, अटेंडर अंकलनी सांगितलं होतं.

झालं. परीक्षकांची गंमत तिथेच संपली. अटेंडरच स्पॉटर मांडतो, तोच विद्यार्थ्यांना उत्तरं सांगतो, मग ही परीक्षा कसली? प्राचार्यांनी आम्हाला बोलावलं. त्यांना भानगड नको होती, कुणाला हवी असते? त्यांनी तोडगा काढला. मुलीवर कॉपीची केस घालायची नसेल, तर अटेंडरनं लेखी माफी मागावी. केस झाली असती, तर वर्षभर परीक्षेला बसता आलं नसतं तिला.

महादेवरावांच्या निवृत्तीला तेव्हा पाच आठवडे राहिले होते. चौतीस वर्षांत त्यांना साधा मेमो मिळालेला नव्हता. तीच त्यांची एकुलती एक मिरवायची गोष्ट होती आणि ती ते मिरवायचे. माझ्या खोलीत येऊन उभे राहिले.

"मॅडम, मी परीक्षेचं सांगितलो नाही. दसऱ्याच्या आधी पोरगी विचारली, एकट्या ह्या बरणीत स्पिरिट का म्हणून. तवा सर जे सांगितले, ते सांगितलो."

"मला माहिती आहे, महादेवराव."

"मग तुम्ही तेवढं सांगा की."

मी सांगायला हवं होतं. पण परीक्षक खाली थांबले होते, त्यांना गाडी गाठायची होती, मला अजून चाळीस पेपर वर्गवार लावायचे होते, आणि खरं सांगायचं तर मला वाटत होतं, की हा सगळा घोळ त्यांच्या त्या हट्टानंच झाला आहे. मी म्हणाले, "तुम्ही सांगितलेलं उत्तर बरोबर असतं तर मी भांडले असते. चुकीच्या उत्तरासाठी काय भांडू?"

ते म्हणाले, "चुकीचंच आहे ते? नक्की?"

"नक्की," मी म्हणाले.

माफीपत्र मीच कन्नडमध्ये लिहून दिलं. मला विषयाचं ज्ञान नाही, दिवंगत प्राध्यापकांच्या नावावर मी विद्यार्थिनीला खोटी माहिती दिली, पुन्हा असं होणार नाही. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि सही केली. 'खोटी' या शब्दावर त्यांचं बोट थांबलेलं मला दिसलं होतं. मी तो शब्द 'चुकीची' असा करू शकले असते. तेवढेही श्रम जिवावर आले.

पावनीला सात नंबरचे शून्य मिळाले. महादेवरावांनी तिला गाठून आपली चूक झाली म्हणून सांगितल्याचं मला नंतर कळलं. त्यानंतर ती सकाळी म्यूझियममध्ये बसेनाशी झाली.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात फर्मान आलं. मूल्यांकन समिती यायची आहे, म्यूझियममधल्या प्रत्येक नमुन्याचा फोटो जोडून यादी करा. सुट्टी चालू, मदतीला कुणी नाही; महादेवरावही उरलेली रजा संपवत अधूनमधूनच यायचे. सोमवारपासून मी एकेक बरणी काढायला बसले. लहान नमुने आमच्या साध्या मायक्रोस्कोपखाली बशीत ठेवून फोटो घ्यावे लागत होते. दुपारी त्या स्पिरिटच्या बरणीची पाळी आली.

दिवा तिरका पडला होता. भिंगाखाली तो जीव चमकला. साडीच्या जरीसारखा. मला वाटलं डोळे दमलेत. भिंग फिरवून परत पाहिलं. अंगभर बारीक सुयांसारखे खवले होते, चुन्याचे, दाटीवाटीनं आडवे निजलेले. सायपनक्युलसच्या अंगावर असं काही नसतं. मी चिमट्यानं त्याला हलकेच उलटा केला. पोटाखालून डोक्यापासून शेपटापर्यंत एक सरळ खाच, आणि खाचेत कातडीची बारीक घडी.

ही घडी म्हणजे पाय. गोगलगाय ज्या पायावर सरपटते, त्याचा उरलेला अंश. समुद्राच्या तळाशी राहणारे, शंख-शिंपला नसलेले, किड्यासारखे दिसणारे मृदुकाय प्राणी असतात. त्यांचं शास्त्रीय नाव अप्लॅकोफोरा, म्हणजे अंगावर कवचाच्या पट्ट्या न वागवणारे. मला हे काही नव्यानं शिकावं लागलं नाही. दर वर्षी जुलैमध्ये मी वर्गात हे एक वाक्य उतरवून देते: "अप्लॅकोफोरा, कवचहीन, कृमीसारखे, खोल समुद्रात." एक वाक्य, कारण परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही. मी भिंतीच्या अलीकडे ते वाक्य सांगत होते आणि भिंतीच्या पलीकडे तो प्राणी मीच चुकीच्या फळीवर ठेवला होता.

अंगावरचे खवले चुन्याचे, आणि फॉर्मालिन आंबट. फॉर्मालिनमध्ये ते वर्षा-दोन वर्षांत विरघळून गेले असते आणि मग तो खरोखरच किड्यासारखा दिसला असता, कुणालाही. म्हणून सर म्हणाले होते, दाखवायचं पण नाही. मी नाक मुरडत असताना महादेवरावांनी तेवढं पाळलं, म्हणून मला आज काही दिसलं.

तरी खात्री हवी म्हणून माझ्यासोबत शिकलेल्या तुंगाला फोटो पाठवले. ती गोव्यात समुद्री जिवांचंच काम करते. तिचं उत्तर बुधवारी संध्याकाळी आलं. अप्लॅकोफोरातलाच, त्यातही पायाची खाच असलेल्या गटातला. खाली लिहिलं होतं, इतका सुरेख जपलेला तुला कुठे मिळाला?

गुरुवारी सकाळी मी नजरबादला महादेवरावांच्या घरी गेले. शुक्रवार त्यांचा शेवटचा दिवस. त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाईंनी कॉफी आणली. त्यांनी माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघितलं नाही, म्हणजे माफीपत्राचं घरात कळलेलं होतं. मी कप हातात धरून सगळं सांगून टाकलं. चूक माझी होती, सर बरोबर होते, तुम्ही बरोबर होतात.

महादेवराव समजुतीनं हसले. मला ते हसणं अजून टोचतं.

"परवागिल्ला, मॅडम, असू दे. मी जायलो म्हणून मनाला लागू नये असं बोलताय तुम्ही."

"नाही हो. खरंच सांगते आहे."

"तवा पण तुम्ही नक्की म्हटला होता."

अकरा वर्षं मीच त्यांना शिकवलं होतं, की या बाईचं बोलणं शेवटचं. ते त्यांनी इतकं मनापासून शिकून घेतलं, की आता तीच बाई आपला शब्द फिरवायला आली तर तिच्यावर विश्वास बसत नव्हता. मग ते कॉफी पीत पीत, अगदी सहज म्हणाले, "आणि मंगळवारी मी त्या बरणीतलं स्पिरिट काढून फॉर्मालिन घातलो. सगळ्या एकसारख्या करून सोडलो. नव्या माणसाला लफडा नको."

मी कप खाली ठेवला आणि "चला," म्हणाले. ते का म्हणून विचारत राहिले, पण आले.

म्यूझियममध्ये मी तो जीव बाहेर काढून बशीत ठेवला, वर स्पिरिट ओतलं. दोन दिवसांत चकाकी थोडी मंद झाली होती. पण होती. मी खुर्चीवरून उठले आणि त्यांना बसायला सांगितलं.

ते बसले नाहीत. खिशातून मऊ फडकं काढून त्यांनी आधी भिंग पुसलं, रोजच्यासारखं, आणि बाजूला सरून उभे राहिले.

"तुम्ही बघा, महादेवराव."

"मी?"

चौतीस वर्षं त्यांनी हे मायक्रोस्कोप कपाटातून काढले, पुसले, मांडले, परत ठेवले. आत बघा, असं त्यांना एकदाही कुणी म्हणालं नव्हतं. मी तर नाहीच. कुठला डोळा मिटायचा तेही त्यांना माहीत नव्हतं. मी दोन्ही उघडे ठेवा म्हणाले, डोक्यामागून दिवा तिरका धरला आणि सांगत गेले. हे खवले. ही पोटाखालची खाच. हा पाय. हे नाव, अप्लॅकोफोरा. त्यांनी ते पुटपुटून पाहिलं.

"हेच," ते म्हणाले. "हेच नाव सांगितले होते सर."

मग बराच वेळ ते भिंगावरून हलले नाहीत. त्यांनी मान वर केली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. फॉर्मालिननं असेल म्हणावं, तर बशीत स्पिरिट होतं.

"मग सर खोटं बोलले नव्हते," ते म्हणाले. "खोटं मी लिहून दिलो."

मी म्हणाले, ते पत्र माझं होतं, शब्द माझे होते. ते म्हणाले, सही कुणाची आहे?

मी त्याच दुपारी प्राचार्यांना पत्र लिहिलं. अकरा वर्षं उत्तरांच्या यादीत चूक आहे, ती माझी आहे. पावनीचं उत्तर बरोबर आहे, तिला मार्क मिळावेत. महादेवरावांचं माफीपत्र रद्द समजावं. प्राचार्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि थकलेल्या आवाजात विचारलं, की हे बाहेर गेलं तर अकरा वर्षांत परीक्षा दिलेली मुलं दारात उभी राहतील, चालेल का? मी चालेल म्हणाले. त्यांनी पत्र ठेवून घेतलं. पावनीच्या मार्कांचं मी विद्यापीठाला वेगळं कळवलं आहे, अजून उत्तर नाही. तिला मात्र फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "अंकलना माहीत आहे ना, मॅडम?" माफीपत्राचं मी विचारलं तेव्हा कारकून म्हणाला, ते सेवेच्या कागदांत लागून केव्हाच वर गेलं, आता परत येत नाही.

शुक्रवारी निरोपाचा हार, नारळ, शाल असं सगळं झालं. दोघांनी भाषणं केली, त्यात निष्कलंक सेवा असं म्हणाले. महादेवराव मान खाली घालून बसले होते. कार्यक्रम संपल्यावर शाल तशीच खांद्यावर घेऊन ते माझ्या खोलीत आले आणि कोरा कागद मागितला.

"आता कशाला? माझं पत्र गेलं आहे, मी सगळं लिहिलं आहे."

"तुमचं तुम्ही लिहिला, मॅडम. माझं मला लिहायला पाहिजे."

मी समजावलं. आता काही लिहून दिलंत तर तेही तुमच्या कागदांत लागेल. आधी एक माफी, वर ही दुसरी, आणि तीसुद्धा शेवटच्या दिवशी. कोण कसं वाचेल सांगता येत नाही. ते ऐकत होते, पण लिहीत होते. त्यांचं अक्षर मोठं, हळू, शाळेतल्या मुलासारखं. पाच ओळींना पंधरा मिनिटं लागली. मग कागद माझ्याकडे सरकवला.

पद्मनाभ सरांनी दिलेली माहिती खरी होती, असं त्यात होतं. ती खोटी आहे असं मी एप्रिलमध्ये लिहून दिलं. मला पुरतं माहीत नसताना, भिऊन लिहून दिलं. मी खोटी माफी मागितली, याबद्दल मला माफ करावं. खाली सही, तारीख, आणि हुद्दा: अटेंडर.

"शिक्का मारा की," ते म्हणाले, "पाच वाजले की मी अटेंडर नव्हे."

घड्याळात पाचला दहा मिनिटं होती. मी विभागाचा शिक्का काढला आणि त्यांच्या सहीशेजारी मारला.